बुद्धकालीन कादंबऱ्या आणि एक टाळलेले उत्तर

गेल्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत मी नेहमीचे ग्रंथवाचन थोडे बाजूस ठेवून कादंबऱ्या वाचल्या. पालीच्या अभ्यासकाने कादंबऱ्यांवर लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु विहारातील रविवारच्या वर्गात जे लोक येतात, त्यांपैकी अनेकांच्या मनातील बुद्धकाळ हा निकायांतून आलेला नसतो. तो कथा, नाटके, चित्रपट आणि कादंबऱ्या यांतून आलेला असतो. तेव्हा या कादंबऱ्यांनी काय सांगितले आहे, हे पाहणे आपल्या अभ्यासाचाच भाग आहे असे मी मानतो. दुसरे कारण अधिक खाजगी असून ते पुढे ओघाने येईल.

प्रथम हर्मन हेसे यांची 'सिद्धार्थ'. १९२२ साली प्रसिद्ध झालेली ही जर्मन कादंबरी जगभर बुद्धाविषयीची कादंबरी म्हणून वाचली जाते. वस्तुतः तिचा नायक बुद्ध नव्हे. तो त्याच नावाचा एक ब्राह्मणपुत्र आहे आणि जेतवनात गोतमाची भेट झाल्यावर तो त्याचा शिष्य होण्याचे नाकारतो. हेसेंचे आजोबा हर्मन गुंडर्ट केरळात मिशनरी होते, मलयाळम् भाषेचा त्यांचा कोश १८७२ साली निघाला, आणि हेसेंच्या आईचा जन्मही केरळातलाच. स्वतः हेसे १९११ साली पूर्वेच्या प्रवासास निघाले, सिंहल आणि सुमात्रापर्यंत गेले, पण भारतभूमीवर त्यांचा मुक्काम घडला नाही. कादंबरी वाचताना हे जाणवते. तिच्यातील नदी सुंदर आहे, पण ती कोणत्या जनपदातून वाहते हे सांगता येणार नाही. शेवटी त्या नदीतून 'ओम्' ऐकू येतो आणि नायकाला सर्व वस्तूंचे ऐक्य प्रतीत होते. हा उपनिषदांचा मार्ग आहे. त्याला माझी हरकत नाही, फक्त त्यास कोणी बौद्ध म्हणू नये.

जेतवनातील संवाद मात्र मी दोनदा वाचला. तरुण सिद्धार्थ गोतमाला म्हणतो की तुमचा उपदेश निर्दोष आहे, पण बोधीच्या क्षणी तुम्हांस जे घडले ते त्या उपदेशात नाही, ते कोणालाही शिकवता येणार नाही. हा आक्षेप खरोखर गंभीर आहे. हेसेंचा गोतम त्यावर फार चतुर होऊ नकोस एवढेच बजावतो आणि निघून जातो. मज्झिमनिकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात जवळजवळ हाच प्रश्न एका हिशेबनीस ब्राह्मणाने भगवंतास विचारलेला आहे : आपण उपदेश करता, तरी काही शिष्य निब्बानास पोहोचतात आणि काही पोहोचत नाहीत, असे का? तेथे भगवंत राजगृहाच्या वाटेचा दृष्टान्त देतात. वाट सांगितल्यावर एक जण नीट पोहोचतो, दुसरा भलतीकडे जातो, त्यास वाट सांगणारा काय करणार? तथागत वाट दाखविणारा आहे. मज्झिमनिकायाचे जर्मन भाषांतर हेसेंच्या काळात छापलेले होते. हे उत्तर गोतमाच्या मुखी घातले असते तर नायकाचे पुढचे सारे आयुष्य वेगळ्या कसोटीवर उभे राहिले असते. कादंबरीकाराला ते नको होते असे दिसते. आणखी एक बारीकशी गोष्ट खटकते. हा नायक शहरात येताना आपल्याला उपवास करता येतो याचा अभिमान बाळगतो. त्या शहरात ज्यांना रोज सक्तीचा उपवास घडतो अशी माणसे असणारच, पण ती त्याच्या दृष्टीस कोठे पडत नाहीत.

कार्ल गेलेरूप यांची 'यात्रिक कामनीत' (१९०६) ही त्यामानाने आपल्याकडे फारशी वाचली जात नाही. गेलेरूप हे डेन्मार्कचे, पण लिहिले त्यांनी जर्मनमध्ये. १९१७ चे नोबेल पारितोषिक त्यांना हेन्रिक पोंतोप्पिदान यांच्यासह विभागून मिळाले. उज्जैनीचा व्यापारीपुत्र कामनीत आणि कोसंबीच्या सोनाराची कन्या वासिट्ठी यांची ही प्रेमकथा आहे. प्रेमभंगानंतर, घरसंसाराचाही वीट आल्यावर कामनीत बुद्धाच्या शोधात निघतो आणि राजगृहातील एका कुंभाराच्या शाळेत एका अनोळखी श्रमणाबरोबर रात्र काढतो. पाली जाणणाऱ्या वाचकाच्या हे लगेच लक्षात येईल की ही धातुविभंग सुत्ताची चौकट आहे. सुत्तात भग्गव कुंभाराच्या घरी पुक्कुसाति हा कुलपुत्र भगवंतास ओळखत नसतो, परंतु धर्म ऐकता ऐकता तो ओळखतो, क्षमा मागतो, उपसंपदा मागतो, आणि पात्रचीवर शोधण्यास गेला असता गाईच्या शिंगाने मरतो. गेलेरूप यांनी येथे फिरवाफिरव केली आहे. त्यांचा कामनीत शेवटपर्यंत ओळखत नाही. त्याच्या मनात बुद्धाची आणि बुद्धाने द्यावयाच्या चिरंतन सुखाची एक मूर्ती तयार असते, समोरचा श्रमण तीत बसत नाही, म्हणून तो त्याचा उपदेश बाजूस सारतो, सकाळी पुन्हा बुद्धाला शोधण्यास निघतो आणि गाईच्या धडकेने मरतो. मूळ सुत्त बदलण्याचा असा अधिकार मला एरवी मान्य नाही, पण हा बदल मी मान्य करतो. बुद्धाची मूर्ती मनात घट्ट बसवून त्याचे म्हणणे न ऐकणारे कामनीत आपल्या वस्तीतही कमी नाहीत, आणि त्यांत मीही अनेकदा असतो.

उत्तरार्धात कादंबरी सुखावतीच्या स्वर्गात जाते आणि महायानाचे पश्चिम स्वर्ग, कमळातील जन्म, मग ब्रह्मलोक असे बरेच काही येते. पाली सुत्तावर हे कलम नीट लागत नाही. अंगुलिमालाला कालीभक्त दरोडेखोरांचा नायक करणे, हेही एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लोकांच्या ठगविषयक कल्पनांचे उसने आहे. अंगुलिमाल सुत्तात कालीचे नाव नाही. तरीही, हेसे आणि गेलेरूप यांतून एकच पुस्तक ठेवा असे कोणी म्हटले तर मी गेलेरूप ठेवीन. थायलंडमध्ये फ्राया अनुमान राजधन आणि त्यांचे सहलेखक यांनी या कादंबरीचे थाई रूपांतर केले आणि ते तेथील शाळांतून वाचले गेले, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

हिंदीतील दोन पुस्तकांविषयी थोडक्यात लिहितो. आचार्य चतुरसेन यांची 'वैशाली की नगरवधू' (१९४९) फार मोठी आहे. तीत विषकन्या आहेत, रसायने आहेत, युद्धे आहेत, आणि अम्बपाली या साऱ्या गर्दीत अनेकदा हरवते. वैशालीच्या कायद्याने सर्वांत सुंदर कन्येस नगरवधू होणे भाग होते, हा कादंबरीचा पाया आहे. पाली विनयात अशी सक्ती नाही. तेथे अम्बपाली एका रात्रीचे पन्नास घेते, तिच्यामुळे वैशालीची शोभा वाढते, आणि ते पाहून राजगृहाचे नागरिक सालवतीला गणिका म्हणून उभी करतात, एवढेच आहे. सक्तीची कथा मूलसर्वास्तिवादी परंपरेतली आहे. थेरीगाथेत वृद्ध अम्बपालीने आपल्या झडलेल्या केसांविषयी आणि सुरकुतलेल्या देहाविषयी ज्या गाथा म्हटल्या आहेत, त्यांच्यापुढे कादंबरीतील शेकडो पानांचे शृंगारवर्णन मला फिके वाटले.

राहुल सांकृत्यायन यांच्या 'सिंह सेनापति'त (१९४४) गणराज्याचा अभिमान ओसंडून वाहतो. राहुलजी स्वतः १९३० साली सिंहलमध्ये भिक्खू झाले होते, पुढे साम्यवादी झाले, आणि दोन्ही आयुष्यांची खूण या पुस्तकावर आहे. परंतु ज्या सीह सेनापतीवरून ही कादंबरी बेतली, त्याची विनयात आणि अंगुत्तरनिकायात आलेली कथा अधिक मोलाची आहे. निगंठांचा हा उपासक बुद्धाकडे येतो, उपासक होऊ इच्छितो, तेव्हा भगवंत त्यास म्हणतात की आपल्यासारख्या प्रतिष्ठिताने नीट विचार करूनच असे करावे, आणि ज्या निगंठांना आपल्या घरी आजवर भिक्षा मिळाली ती पुढेही मिळत राहावी. लिच्छवींच्या पराक्रमाच्या वर्णनात हा धागा दबून गेला आहे. शिवाय गणराज्यात मत कोणास होते आणि शेत कोण कसत होते, हा प्रश्नही उरतोच. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचे जे भांडण झाले, ते जातकट्ठकथेप्रमाणे बांधावर काम करणाऱ्या दास-कामकऱ्यांमध्ये प्रथम पेटले. गणसभेत बसणारे नंतर आले.

थिच न्यात हान यांचे 'ओल्ड पाथ व्हाइट क्लाउड्स' इंग्रजीत १९९१ साली आले. त्यास कादंबरी म्हणावे की चरित्र, याविषयी वाद होईल. उरुवेलेत बोधिसत्त्वास गवताच्या पेंढ्या देणारा सोत्थिय निदानकथेत एका वाक्यापुरता येतो. येथे तो स्वस्ति नावाचा म्हशी राखणारा अस्पृश्य मुलगा होऊन सबंध पुस्तकाचा डोळा बनतो. स्पर्श होईल म्हणून मागे सरणाऱ्या त्या मुलाचे चित्र आपल्या वाचकांच्या काळजाला भिडेल, माझ्याही भिडले. इतिहास म्हणून मात्र दोन शब्द लिहिणे भाग आहे. पाली ग्रंथ नीच मानलेली कुले सांगताना चंडाल, नेसाद, वेण, रथकार, पुक्कुस अशी नावे घेतात, गुराखी त्यांत येत नाहीत. आणि आपण ज्यास अस्पृश्यता म्हणून ओळखतो तिचे पूर्ण रूप त्या काळी होते काय, याची चर्चा बाबासाहेबांनी स्वतः १९४८ च्या आपल्या ग्रंथात केलेली आहे. माझी खरी तक्रार दुसरीच आहे. या पुस्तकात सर्व विरोध फार लवकर विरघळतो. सुनीताला संघात घेतल्यावर कुरबुर उठते आणि थोड्याच वेळात शमते. सारे कसे शांत, प्रसन्न, सकाळच्या उन्हासारखे. वाचताना बरे वाटते, आणि पुस्तक मिटल्यावर संघाला काही किंमत मोजावी लागली होती याची आठवण राहत नाही.

आता यशपाल यांच्या 'दिव्या'कडे (१९४५) येतो. वर जे खाजगी कारण म्हटले ते हेच.

आमच्या वर्गात शाळेत हिंदी शिकविणाऱ्या एक बाई येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी विचारले, "सर, संघानं दासीला खरंच परत पाठवलं असेल का? 'दिव्या'त तसं आहे." मी ती कादंबरी विद्यार्थिदशेत वाचलेली होती, प्रसंग अंधुक आठवत होता. मी म्हटले की यशपाल मार्क्सवादी होते, संघाला कठोर दाखविणे हा त्यांच्या मताचा भाग होता. बाई "बरं सर" म्हणून खाली बसल्या. वर्ग पुढे गेला. हे उत्तर देताना मला महावग्गातील तो भाग आठवत नव्हता असे मी म्हणू शकत नाही. तो मी शिकविलेला आहे.

कादंबरीचा काळ मौर्य सत्ता मोडल्यानंतरचा, स्थळ सागल नगर. प्रतिष्ठित ब्राह्मण धर्मस्थाची पणती दिव्या कलेत निपुण असते. दासवंशातून वर आलेल्या श्रेष्ठीचा पुत्र पृथुसेन याच्यावर तिचे प्रेम बसते, ती गर्भवती होते, आणि सत्तेच्या गणितात तो दुसरीकडे लग्न करतो. घर सोडून निघालेली दिव्या दासांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडते. विकली गेल्यावर तिला स्वतःचे बाळ उपाशी ठेवून स्वामीच्या बाळास दूध पाजावे लागते. ती पळते आणि विहाराच्या दारी येते. स्थविर अनुमती विचारतात. अभिभावक कोण, स्वामी कोण, त्याची संमती आहे काय? नसल्यास संघ आश्रय देऊ शकत नाही. दिव्या म्हणते की तथागतांनी वेश्या अम्बपालीस आश्रय दिला होता. त्यावर स्थविर सांगतात की वेश्या ही स्वतंत्र स्त्री आहे. दिव्या बाळासह यमुनेत उडी घेते. बाळ मरते, ती वाचते आणि मथुरेच्या एका नर्तकीच्या घरी पोहोचते.

हा प्रसंग यशपालांनी मनाने रचलेला असला तरी त्याचा आधार विनयातच आहे. महावग्गातील पहिल्या खंधकात एक दास पळून येऊन भिक्खूंमध्ये प्रव्रजित होतो. स्वामी त्यास पाहून धरू पाहतात. मगधराज बिंबिसाराचा हुकूम असतो की शाक्यपुत्रीय श्रमणांमध्ये प्रव्रजित झालेल्यांना कोणी काही करू नये. लोक कुरकुरतात की हे श्रमण अभयस्थान होऊन बसले, दासांनाही प्रव्रज्या कशी देतात? आणि नियम होतो की दासास प्रव्रज्या देऊ नये, देणाऱ्यास दुक्कट. हाच क्रम ऋणकऱ्याविषयी आहे, आणि त्याच्याआधी राजाच्या सैनिकाविषयी, जेथे बिंबिसार स्वतः विनंती करतो. भिक्खुनीच्या उपसंपदेच्या वेळी जे प्रश्न विचारले जातात त्यांत ती भुजिस्सा, म्हणजे दास्यमुक्त, आहे काय, ऋणमुक्त आहे काय, आणि आईबाप व पती यांची अनुमती आहे काय, हे येतात. तेव्हा कादंबरीतील स्थविराने नियमबाह्य काही केलेले नाही. गणिकेविषयीही यशपाल चुकले नाहीत. चुल्लवग्गात काशीची गणिका अड्ढकासी उपसंपदेसाठी निघते, वाटेत धूर्त लोक दबा धरून बसतात, तेव्हा तिच्यासाठी दूतामार्फत उपसंपदा देण्याची अनुज्ञा मिळते. गणिकेसाठी नियम लवचिक झाला आणि दासासाठी नियम नवा झाला, हे एकाच पिटकात आहे.

बचाव म्हणून काही सांगता येते, आणि ते सांगितलेच पाहिजे. दुक्कट हा हलका दोष आहे, आणि तो प्रव्रज्या देणाऱ्यास लागतो. ज्यांची उपसंपदा रद्द करून त्यांना संघाबाहेर घालावे असे सांगितले आहे, त्यांच्या यादीत दास नाही. पळून आलेल्यास स्वामीच्या हवाली करा असा आदेशही तेथे नाही. अनाथपिंडिकाच्या घरची पाणक्या दासी पुण्णा हिने नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणास पाण्याने पाप धुतले जात नाही हे पटविले, आणि अट्ठकथेप्रमाणे श्रेष्ठीने तिला दास्यमुक्त केल्यावर ती भिक्खुनी झाली. म्हणजे मार्ग होता. पण तो स्वामीच्या मर्जीतून जात होता. दिव्याचा स्वामी अनाथपिंडिक नव्हता.

पटाचारेची कथा येथे मला वारंवार आठवत राहिली. श्रेष्ठीची मुलगी, घरच्याच कामकऱ्याबरोबर पळालेली. पती सर्पदंशाने जातो, एक मूल ससाणा नेतो, दुसरे नदी नेते, आईबाप घराखाली गाडले जातात. वस्त्राचे भान नसलेल्या त्या वेड्या स्त्रीला लोक हाकलतात आणि भगवंत जवळ बोलावतात. दिव्या आणि पटाचारा यांच्या दुःखात फारसे अंतर नाही, नदीसुद्धा दोघींच्या कथेत आहे. अंतर इतकेच की पटाचारेवर हक्क सांगणारे कोणी उरलेले नव्हते. दिव्यावर हक्क सांगणारा जिवंत होता, त्याने तिची किंमत मोजलेली होती. यशपालांना हे नेमके दिसले, आणि आम्हां पालीवाल्यांना, दोन्ही ग्रंथ हाताशी असून, ते शेजारी ठेवण्याचे धैर्य झाले नाही.

सामञ्ञफल सुत्तात भगवंत अजातसत्तूला विचारतात की तुझा एखादा दास, तुझ्याआधी उठणारा आणि तुझ्यानंतर निजणारा, प्रव्रजित झाला तर त्याला तू पुन्हा दास हो म्हणशील काय? राजा म्हणतो, नाही, मीच उठून त्यास अभिवादन करीन. एकीकडे हे सुत्त आणि दुसरीकडे तो नियम. मला असे वाटते की सुत्तातील वाक्य हे तथागतांच्या दृष्टीचे आहे आणि नियम हा राजे, सावकार व दासस्वामी यांच्या राज्यात संघ टिकवून धरण्याच्या खटपटीचा आहे. हे माझे मत आहे, सिद्धान्त नव्हे. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये संघाला जात, लिंग वा दर्जा यांचा अडसर नव्हता असे लिहिले आणि सुनीत, सोपाक, उपालि, चंडालकन्या प्रकृती यांच्या कथा ठळकपणे पुढे आणल्या. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी परंपरेला अडचणीचे प्रश्न उघडपणे विचारले आहेत, चार दृश्यांची कथाही स्वीकारलेली नाही. ज्या ग्रंथावर आमचे लोक श्रद्धा ठेवतात तो ग्रंथ प्रश्न विचारण्यापासून सुरू होतो. मग वर्गात आलेला एक साधा प्रश्न मी लेखकाच्या राजकीय मतावर का ढकलला, याचे समाधानकारक कारण माझ्यापाशी नाही. आपल्या माणसांसमोर संघ उणा दिसू नये ही भीती होती. ज्यांच्या आज्यापणज्या देवळाच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या, त्यांना विहाराच्या दाराविषयीही असे काही सांगावे, हे जिभेवर येत नव्हते.

'दिव्या' निर्दोष आहे असे मात्र नाही. शेवटी दिव्यासमोर तीन पुरुष उभे राहतात. ब्राह्मण रुद्रधीर कुलवधूचे पद देऊ करतो, भिक्खू झालेला पृथुसेन संघाचा आश्रय देऊ करतो, आणि चार्वाकमताचा मूर्तिकार मारिश केवळ सुखदुःखाची सोबत देऊ करतो. ती मारिशचा स्वीकार करते. येथे लेखकाने डाव आधीच लावून ठेवलेला आहे. पृथुसेन राजकीय पराभवातून जीव वाचविण्यासाठी चीवर घेतलेला मनुष्य, त्याच्या तोंडून निब्बानाची बाजू मांडली की ती पडणारच. निब्बान म्हणजे जीवनास पाठ, आणि मातृत्व म्हणजे जीवन, अशी मांडणी यशपाल करतात. थेरीगाथा त्यांनी मनावर घेतलेली दिसत नाही. उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा यांतून सुटल्याचा आनंद सांगणारी मुत्ता, तीन वेळा टाकलेली इसिदासी, या स्त्रियांनी जे निवडले ते पराभूतांचे निवडणे नव्हते. दिव्याला एक तरी अशी भिक्खुनी भेटू द्यायला हवी होती. विहाराच्या दारात तिला फक्त पुरुष भेटतात, आणि हा दोष यशपालांचा अधिक की इतिहासाचा, हे ठरविणे कठीण आहे.

भाषा संस्कृतप्रचुर आहे, काही ठिकाणी जड. नृत्याची आणि उत्सवाची वर्णने लांबलेली. तरी या सहा पुस्तकांत ज्याने मला स्वतःच्या अभ्यासाकडे परत पाठविले ते हेच.

पवारणेनंतरच्या पहिल्या रविवारी मी 'दिव्या'तील ते प्रकरण आणि महावग्गातील तो परिच्छेद मराठीत सांगून वर्गापुढे एकत्र ठेवला, आणि दोन वर्षांपूर्वीचे माझे उत्तर चुकीचे होते हेही सांगितले. नंतर पुण्णेच्या गाथा घेतल्या. बाईंनी सर्व लिहून घेतले. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "सर, तो जो दास पळून आला होता, ज्याच्यामुळे नियम झाला, त्याचं पुढे काय झालं?" मी पाठ पुन्हा उघडून पाहिला. त्याच्याविषयी पुढे काही लिहिलेले नाही.